दीर्घ आजार आणि वर्षाची पॉलिसी: पुण्यातील रुग्णांनी कागद कसे सांभाळावेत आणि दावा कसा लढवावा

२०११ सालच्या पावसाळ्यात एका सकाळी मला दुधाची पिशवी कापता येईना, कारण कात्रीच्या कड्यांत सुजलेली बोटे शिरत नव्हती. तीन महिन्यांनी निदान झाले की हा आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो सांध्यांचा आजार आहे. तेव्हापासून सहकारनगरातल्या आमच्या घरात हा आजार मुक्कामाला आहे. दुखण्याची हळूहळू सवय झाली, पण विम्याच्या कागदांनी जे दमवले त्याची सवय आजही झालेली नाही. अशाच स्थितीत असलेल्या कोणाला तरी उपयोग व्हावा, म्हणून या वर्षांत शिकलेले येथे सविस्तर मांडते आहे.

सगळ्या अडचणींचे मूळ मला एकाच जागी दिसते. आजार आयुष्यभराचा असतो, पॉलिसी एका वर्षाची असते आणि दावा रुग्णालयातील तीन-चार दिवसांचा असतो. दाव्यावर निर्णय घेणारी व्यक्ती आपल्याला कधीच पाहत नाही. आपण कसे चालतो, सकाळी किती वेळ बोटे आखडलेली असतात, हे तिला कळण्याचा मार्ग म्हणजे तिच्यासमोर आलेले कागद. त्यामुळे आपला आजार कागदावर अचूक उतरला आहे की नाही, हे पाहण्याचे काम रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना स्वतः करावे लागते.

फाईल

प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र फाईल असावी आणि तिच्यात सर्वांत वर पहिल्या निदानाचा कागद असावा. पुढे शंभर तपासण्या होतील, पण आजार नेमका कधी कळला हे सिद्ध करणारा पहिला रिपोर्ट आणि पहिले प्रिस्क्रिप्शन यांची जागा दुसरा कोणताही कागद घेऊ शकत नाही. त्याखाली तारखेच्या क्रमाने केस पेपर, डिस्चार्ज समरी, तपासण्या आणि बिले लावावीत. मेडिकलच्या दुकानातील थर्मल कागदावरची बिले काही महिन्यांत पांढरी पडतात. मी एकदा सहा महिन्यांची बिले काढून पाहिली, तेव्हा निम्म्यांवर औषधाचे नाव तर सोडाच, रक्कमही वाचता येत नव्हती. तेव्हापासून बिल घरी आले की त्याच दिवशी मोबाइलवर त्याचा फोटो काढते आणि महिन्याच्या शेवटी झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचते.

जुने कागद हरवले असतील तर ते मागण्याचा आपल्याला हक्क आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत नोंदी द्यायच्या असतात. मात्र त्याच नियमात नोंदी सांभाळण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे एवढीच आहे, त्यामुळे ही मागणी लांबणीवर टाकू नये. साध्या कागदावर अर्ज करावा आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्यावा.

या फाईलच्या आतल्या बाजूला मी एक पान चिकटवले आहे. आजार कधी कळला, कोणते औषध कधी सुरू झाले, कधी बंद झाले आणि का, कोणत्या वर्षी कोठे दाखल झाले, कशाची ॲलर्जी आहे, एवढेच त्यावर लिहिलेले आहे. नवीन डॉक्टरांपुढे बसल्यावर चौदा-पंधरा वर्षांची हकिगत पाच मिनिटांत सांगणे कोणालाही जमत नाही. हे पान पुढे केले की काही राहून जात नाही आणि उगीच भरही घातली जात नाही.

दाखल होताना उच्चारलेले एक वाक्य

दावे नाकारले जाण्याचे जे कारण मी सर्वांत अधिक वेळा पाहिले, ते येथे घडते, म्हणून या टप्प्यावर थोडे थांबते. माझ्या सासऱ्यांना २०२३ मध्ये पायाच्या जखमेसाठी रात्री साडेअकरा वाजता दाखल करावे लागले. निवासी डॉक्टरांनी विचारले, ‘यांना शुगर कधीपासून?’ घाईत घरातल्या कोणीतरी उत्तर दिले, ‘झाली असतील सात-आठ वर्षं.’ केस पेपरवर ‘मधुमेह आठ वर्षांपासून’ अशी नोंद झाली. त्यांची पॉलिसी २०१९ ची होती आणि मधुमेह प्रत्यक्षात २०२१ मध्ये निष्पन्न झाला होता. चार दिवसांनी कंपनीचे उत्तर आले की पॉलिसी घेताना हा आजार लपवला होता, सबब कॅशलेस, म्हणजे कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याची सोय, नामंजूर.

फाईलमध्ये २०२१ चा रिपोर्ट होता. त्याच वर्षीच्या सुरुवातीचा साखर सामान्य असल्याचा दुसरा रिपोर्टही होता. या दोन्हींच्या प्रती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी आपल्या लेटरहेडवर तारखेसह लिहून दिले की दाखल करतानाची नोंद नातेवाइकांनी अंदाजाने सांगितलेल्या माहितीवर आधारलेली होती आणि कागदपत्रांनुसार निदान २०२१ चे आहे. पैसे आधी भरावे लागले, पण तीन आठवड्यांनी दावा मंजूर झाला. मूळ केस पेपरवर कोणालाही खाडाखोड करू देऊ नये, कारण खाडाखोड दिसली की संशय वाढतो. दुरुस्ती हवी असेल तर ती स्वतंत्र पत्राद्वारेच करून घ्यावी.

म्हणून घरातील सर्वांना एक गोष्ट पक्की सांगून ठेवावी. ‘कधीपासून’ या प्रश्नाला अंदाजाने उत्तर द्यायचे नाही. माहीत असेल तर महिना आणि वर्ष सांगायचे, नसेल तर ‘फाईल पाहून सांगतो’ असे म्हणायचे. सुटी मिळताना डिस्चार्ज समरीचा कच्चा मसुदा मागून घ्यावा आणि आजाराचा कालावधी, दाखल करण्याचे कारण व दिलेली औषधे ही तीन ठिकाणे तेथेच वाचावीत. घरी आल्यावर समरी दुरुस्त करून घेण्यासाठी चार-चार चकरा पडतात, आणि ज्याचे गुडघे दुखतात त्याला त्या चकरा परवडत नाहीत.

पॉलिसीत काय वाचायचे

प्रस्तावाचा अर्ज स्वतःच्या हाताने किंवा स्वतःच्या डोळ्यांदेखत भरला जावा. ‘बीपी लिहू नका, प्रीमियम वाढेल’ असा सल्ला देणारे एजंट आजही भेटतात. प्रीमियम थोडा वाढला तरी चालेल, पण आजार लपवू नये, कारण त्याची किंमत नेमक्या अडचणीच्या दिवशी मोजावी लागते. २०२४ पासून नियम रुग्णाच्या बाजूने थोडे सरकले आहेत. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ, म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ, आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो, पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत असे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, तर त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती. यातील ‘सलग’ हा शब्द दीर्घ आजाराच्या रुग्णासाठी फार मोलाचा आहे. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत मिळते, पण तिच्यावर विसंबू नये, कारण नूतनीकरण होईपर्यंतच्या मधल्या दिवसांत दाखल व्हावे लागले तर तो खर्च अंगावर पडू शकतो.

खोलीभाड्याची मर्यादा हे कलम बहुतेक जण वाचत नाहीत आणि बिलाच्या दिवशी चकित होतात. समजा, पॉलिसीत खोलीभाडे दिवसाला ५,००० रुपयांपर्यंत आहे आणि आपण ८,००० रुपयांची खोली घेतली. आपल्याला वाटते की रोजचे ३,००० रुपये आपण भरू. प्रत्यक्षात ५,००० भागिले ८,००० म्हणजे साडेबासष्ट टक्के हे प्रमाण डॉक्टरांची फी, नर्सिंग आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्क यांनाही लागू होते. हे शुल्क १,२०,००० रुपये झाले असेल, तर कंपनी ७५,००० देते आणि उरलेले ४५,००० आपल्याला भरावे लागतात. औषधे, उपभोग्य साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, असे विमा नियामकाने (आयआरडीएआय) स्पष्ट केलेले आहे. तरीही अंतिम हिशेबात ती लावलेली दिसते, तेव्हा प्रत्येक ओळ तपासावी. दाखल होतानाच इन्शुरन्स डेस्कवर ‘माझ्या पॉलिसीत बसणारी खोली कोणती?’ असे विचारावे आणि ती शिल्लक नसेल तर तसे लिहून मागावे.

हिंजवडी, खराडीकडे नोकरी करणाऱ्या मुलांच्या कंपनीच्या पॉलिसीवर आई-वडिलांचा सारा उपचार चालतो, हे चित्र पुण्यात घरोघर आहे. अशा समूह पॉलिसीत बहुधा पहिल्या दिवसापासून जुने आजार धरले जातात, ही मोठी सोय आहे, पण नोकरी सुटली की संरक्षणही जाते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची तरतूद असते आणि पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ मोजला जातो. मात्र कंपनी प्रकृतीची छाननी करते आणि जादा प्रीमियमही मागू शकते, म्हणून राजीनाम्याचा विचार मनात आला की आधी ही चौकशी करावी. शक्य असेल त्यांनी प्रकृती बरी असतानाच एक लहान का होईना, स्वतंत्र पॉलिसी काढून ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्य झाला आहे. ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. नूतनीकरणाच्या नोटिशीत या दोन्ही गोष्टी पडताळून पाहाव्यात.

घरी सोडण्याचा दिवस

सकाळी दहाला डॉक्टर ‘आज घरी जा’ म्हणतात आणि रुग्ण रात्री आठपर्यंत पलंगावर बसून राहतो, हा अनुभव बहुतेकांना असेल. २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने विमा नियामकाने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली, तर ती रक्कम कंपनीने सोसायची आहे. परंतु हे घड्याळ रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोहोचल्यावर सुरू होते. बिलिंग काउंटरवर ‘कंपनीकडून यायचंय’ असे उत्तर मिळाले, तर शांतपणे विचारावे की अंतिम बिल किती वाजता पाठवले. ती वेळ आणि सांगणाऱ्याचे पद वहीत टिपावे. अनेकदा बिल गेलेलेच नसते, आणि हा प्रश्न विचारल्यावर ते जाते. टीपीएकडून, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून, ‘क्वेरी’ आली असेल तर तिचा मजकूर मागून घ्यावा. बहुधा एखादा रिपोर्ट हवा असतो आणि तो आपल्या फाईलमध्ये असतो.

दावा नाकारला तर

माझ्या बाबतीत गोळ्यांनी आजार आटोक्यात येईना, तेव्हा रिटुक्सिमॅब या औषधाची सलाइनमधून दोन इंजेक्शने, पंधरा दिवसांच्या अंतराने, घेण्याचे ठरले. सकाळी आठला दाखल व्हायचे, आधी ॲलर्जी टाळण्याची औषधे घ्यायची, मग थेंबाथेंबाने पाच-सहा तास औषध आत जाते. दर थोड्या वेळाने नर्स रक्तदाब पाहतात, कारण मध्येच थंडी वाजून कापरे भरू शकते. कंपनीने दोन ओळींत कळवले की हे उपचार बाह्यरुग्ण विभागात शक्य होते, म्हणून दावा अमान्य. ते पत्र वाचून मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. हा राग खरा असतो आणि तो गिळून टाकावा असे मी म्हणणार नाही. पण उत्तर लिहायला मात्र तिसऱ्या दिवशी बसावे.

पहिले काम म्हणजे नकार लेखी आणि पॉलिसीच्या नेमक्या कलमासह मागणे. फोनवर सांगितलेला नकार ग्राह्य धरू नये. नियमाप्रमाणे दावा नाकारण्यापूर्वी कंपनीच्या आढावा समितीची मंजुरी लागते, तेव्हा ती घेतली होती का, हेही पत्रात विचारावे. दुसरे काम म्हणजे डॉक्टरांचे पत्र. ते मिळवताना ‘विम्यासाठी पत्र द्या’ एवढेच सांगून चालत नाही, तर नकाराचे पत्र त्यांच्यापुढे ठेवावे आणि त्याच मुद्द्याचे उत्तर मागावे. माझ्या डॉक्टरांनी औषध किती तास चालते, कोणती देखरेख लागते, प्रतिक्रिया आल्यास काय करावे लागते आणि आधीची कोणती औषधे किती महिने देऊनही उपयोग झाला नाही, हे चार मुद्दे लिहून दिले. मोनोक्लोनल अँटिबॉडी (रिटुक्सिमॅब हे याच प्रकारचे औषध आहे) इंजेक्शनद्वारे देणे हा उपचार नियामकाने ज्या बारा आधुनिक उपचारपद्धती वगळता येणार नाहीत असे म्हटले आहे, त्यांच्या यादीत आहे. कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते. मी पत्रात हा मुद्दा घातला आणि माझ्या पॉलिसीतील डे-केअरचे, म्हणजे दाखल होऊन त्याच दिवशी घरी जाता येणाऱ्या उपचारांचे कलम उतरवून दिले.

हे पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवावे आणि तीच तक्रार नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवावी. उत्तर समाधानकारक नसेल, किंवा ३० दिवसांत उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येते. पुण्याचे कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे आणि मुंबई, ठाणे, पालघर व रायगडचा भाग वगळता उर्वरित महाराष्ट्राच्या तक्रारी तेथे चालतात. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे ऐकले जातात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अर्ज ऑनलाइनही करता येतो आणि सुनावणी व्हिडिओवरूनही होते, तेव्हा चालणे कठीण असलेल्यांनी तशी विनंती जरूर करावी. मी प्रत्यक्ष गेले होते. सुनावणी जेमतेम पंधरा मिनिटे चालली, आणि त्यात डॉक्टरांचे पत्र व नर्सिंग चार्टची प्रत हेच दोन कागद पाहिले गेले. तो चार्ट, ज्यात दर अर्ध्या तासाचा रक्तदाब लिहिलेला असतो, रुग्णालय आपणहून देत नाही, मागावा लागतो. निर्णय माझ्या बाजूने लागला, काही रक्कम मर्यादेच्या कलमात कापली गेली. लोकपालांचा निर्णय आपल्यावर बंधनकारक नसतो. तो मान्य नसल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

विमा नसेल किंवा पुरत नसेल तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरती राहिलेली नाही. पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही तिच्यात येतात आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे, यादीतील उपचार मिळतात. डायलिसिस त्या यादीत आहे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात रुग्णांच्या मदतीसाठी आरोग्यमित्र बसतात. बिल झाल्यावर त्यांच्याकडे जाण्याचा उपयोग नसतो, दाखल होतानाच गाठावे. चौकशीचा क्रमांक १५५३८८ आहे. घरात ७० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे कोणी असेल, तर उत्पन्न कितीही असो, आधारवर मोफत उपचारांसाठीचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावे. खासगी पॉलिसी असली तरी ते मिळते.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते आणि अर्ज तेथील वैद्यकीय समाजसेवकांकडे द्यायचा असतो. हा दाखला आजारपणाच्या धांदलीत मिळत नाही, आधीच काढावा. पुणे महापालिकेची शहरी गरीब वैद्यकीय सहाय्य योजनाही आहे, तिचीही चौकशी करावी. ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि कर्मचारी राज्य विम्याचे पैसे कापले जातात, त्यांना बिबवेवाडी किंवा चिंचवडच्या मोहननगर येथील रुग्णालयात उपचार मिळतात. पगारातून रक्कम जात असूनही हे अनेकांना ठाऊक नसते, याचे मला फार वाईट वाटते.

महिन्याचा खर्च आणि अंगातली शक्ती

गोळ्या, रक्ताच्या तपासण्या आणि डॉक्टरांची फी हा खर्च बहुतेक पॉलिसींत येत नाही. मात्र दाखल होण्याआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस अनेक पॉलिसींत धरलेले असतात, तेव्हा त्या काळातील औषधांची बिले वेगळी काढून त्यांचा पूरक दावा करावा. तो बहुसंख्य लोक करतच नाहीत. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घेतले, तर जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळ स्वस्त मिळते. पण केंद्र किंवा कंपनी बदलताना गोळीवरील मिलिग्रॅम डोळ्यांनी वाचावेत. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण आमवातात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतते. माझ्या गोळ्यांच्या डबीत ते फक्त रविवारच्या कप्प्यात असते आणि पाकिटावर घरच्यांसाठी मोठ्या अक्षरांत ‘फक्त रविवार’ लिहिलेले आहे.

विम्याचे काम रोज थोडे थोडे करायला घेतले की ते सगळा दिवस खाते. मी त्यासाठी गुरुवारी दुपारचा एक तास ठेवला आहे, कारण सकाळी माझी बोटे आखडलेली असतात आणि त्या वेळी केलेल्या फोनवर आवाज चढतो. त्या तासात एका फोनचे एकच उद्दिष्ट ठेवते. फोन संपला की तारीख, वेळ, तक्रार क्रमांक आणि काय ठरले, हे वहीत लिहून त्याच मजकुराचा दोन ओळींचा ईमेल कंपनीला करते. ज्या आठवड्यात सांधे फार सुजतात, त्या आठवड्यात हा तास मुलगी सांभाळते. त्यासाठी तिच्या नावाचे सही केलेले अधिकारपत्र आणि माझ्या ओळखपत्राची प्रत फाईलच्या मागच्या खिशात कायम ठेवलेली असते, आणि पॉलिसी क्रमांक, नूतनीकरणाची तारीख व पुढच्या इंजेक्शनची तारीख तिच्या मोबाइलमध्येही नोंदवलेली असते.